उणे एक किलो

शेवटी मी त्या जिमचा वजनकाटा जप्त केला आणि त्या एका दुपारी एकसष्ट माणसांचं वजन मिळून आठशे बारा किलोंनी वाढलं. पण हे झालेलंच नाही असं धरून चालू. काटा आपल्या जागी आहे, मी शहरात नवा आहे आणि माझं वजन शहाण्णव किलो आहे.

वजन ही माझी खाजगी बाब असती तर मी ती शर्टाखाली झाकून गप्प बसलो असतो. पण मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे, आणि अजून कायम झालेलो नाही. दुकानोदुकानी जाऊन काटे खरं बोलतात का ते बघायचं आणि बोलत असतील तर त्यांना सील ठोकायचं, हे माझं काम. त्यासाठी वीस-वीस किलोंची प्रमाणित वजनं घेऊन जिने चढावे लागतात, म्हणून निरीक्षक पंच्याऐंशी किलोंच्या वर नसावा असा नियम आहे. तीन महिन्यांनी फॉर्म भरायचा होता. पंच्याऐंशी भरले तर नोकरी कायम. नाहीतर परत घरी, मेहुण्यांच्या ढेकणाच्या औषधांच्या दुकानात. तिथे मी वर्षभर बसलेलो आहे. मेहुणे गिऱ्हाइकाला आधी माझी ओळख करून देतात, मग ढेकणाची, आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज सारखाच असतो.

ताईने फोनवर सांगितलं की दुकानातलं माझं स्टूल अजून तिथेच ठेवलंय, काळजी करू नकोस. मी त्याच संध्याकाळी जिम बघायला बाहेर पडलो.

पहिली जिम तीन मजली होती. आत इतके आरसे होते की मी आत शिरताच गर्दी झाली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं की तुमचं ध्येय काय. मी म्हणालो, पंच्याऐंशी. तिला वाटलं मी वय सांगतोय, आणि तिने ज्येष्ठ नागरिकांची सवलत लावली. तोवर मी सवयीने एक दहा किलोचं डंबेल उचलून बघितलं होतं. ते साडेनऊ भरत होतं. आमच्या धंद्यात हात खोटं बोलत नाही. मी डंबेल खाली ठेवलं, सवलत परत केली आणि निघालो.

दुसरी जागा योगाचा स्टुडिओ निघाली. तिथे बूट, फोन आणि मत दाराबाहेर ठेवायचं होतं. मंद उजेडात बारा माणसं चटईवर पडून श्वास घेत होती आणि एक बाई त्यांच्यामधून फिरत ते बरोबर घेताहेत का ते बघत होत्या. मी वजनकाटा कुठे आहे विचारलं. "आम्ही आकडे मानत नाही," त्या हळुवारपणे म्हणाल्या. माझ्या खात्याचा इतका अपमान आजवर कुणी चटईवर उभं राहून केला नव्हता.

तिसरी जिम एका टायरच्या दुकानावर होती. एक खोली, चार यंत्रं, एक पंखा, आणि दारातच एक मोठा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. त्यावर आमच्या खात्याचं सील होतं, मुदतीतलं. मी वाकून नंबर वाचला. तो माझाच होता. शहरात आल्याच्या पहिल्या आठवड्यात तपासणी शिबिरात मी दिवसाला चाळीस काटे सील केले होते, हा त्यातलाच एक. परक्या गावात कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं मला भरून आलं. जिम मी निवडली नाही, काट्याने मला निवडलं.

तिथल्या कोचला सगळे शाब्बास म्हणायचे, कारण तो दुसरं काही म्हणायचा नाही. कुणी बैठक मारली की शाब्बास, कुणी अर्ध्यात सोडली की शाब्बास, पंखा सुरू झाला तरी शाब्बास. नियम एकच होता. दर शनिवारी काट्यावर उभं राहायचं, आपला सभासद क्रमांक दाबायचा, आणि वजनाची पावती घ्यायची.

पहिल्या शनिवारी शहाण्णवाचे पंच्याण्णव झाले. दुसऱ्या शनिवारी चौऱ्याण्णव. मला वाटलं मी जन्मजात खेळाडू आहे आणि घरच्यांनी हे लपवून ठेवलं. शेजारच्या सायकलवरच्या बँकवाल्या काकूंचंही आठवड्याला बरोबर एक किलो उतरत होतं. काकू म्हणायच्या, इथल्या हवेतच काहीतरी आहे. हवेत टायरचा वास होता.

आता तुम्ही म्हणाल, निरीक्षक असून शंका कशी आली नाही. शंका आली होती, पँटची. माझी पँट पूर्वीइतकीच घट्ट होती. एकीकडे पँट सांगत होती की काही उतरलेलं नाही, दुसरीकडे काटा सांगत होता की आठ किलो उतरले. मी दोन्ही बाजू नीट तपासल्या. काट्याला सील होतं. पँटला नव्हतं. मी पँट खोटी धरली आणि नवीन, मोठी पँट घेतली.

ताईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की दहा किलो उतरले. तिने फोन लांब धरून बघितला.

"मग तू फोनमध्ये मावत का नाहीस रे?"

मी म्हणालो, तुझा फोन जुना आहे.

अकराव्या शनिवारी पंच्याऐंशी झाले. फॉर्मवर लिहिलेलं होतं की सरकारी दवाखान्यातल्या काट्याच्या सीलची मुदत संपलेली असल्याने कोणत्याही सीलबंद काट्यावरची पावती चालेल. मी पावती फॉर्मला टाचली. सोमवारी सकाळी फॉर्म साहेबांकडे द्यायचा आणि कायम व्हायचं, इतकंच उरलं होतं.

सोमवारी सकाळी बुटाची नाडी सुटली. ती बांधायला मी कचेरीतल्या पोती मोजायच्या काट्यावर टेकलो. सरकारी काटा खाजगी शरीरासाठी वापरू नये अशी साहेबांच्या अक्षरातली पाटी वर लटकत होती, म्हणून मी तीन महिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. काट्याने शहाण्णव किलो चारशे ग्रॅम दाखवले.

अर्थात मी त्या काट्यावरच संशय घेतला. दोन तास एकेक प्रमाणित वजन चढवून तो तपासला. त्याच्यात केसाइतकीही चूक नव्हती. मग मी वीसचं आणि दहाचं वजन पिशवीत घालून जिमचा जिना चढलो, आणि पोचेपर्यंत पंच्याऐंशीचा नियम का केलाय ते मला छातीपासून पटलं.

जिमच्या काट्यावर वीस किलो ठेवले. वीस दाखवले. म्हणजे सील चोख होतं. मी सुस्कारा सोडला आणि सहज, कशाला कोण जाणे, माझा सभासद क्रमांक दाबला. आकडा वीसवरून नऊवर आला.

वीस उतरवून दहा ठेवले. क्रमांक दाबला. काट्याने उणे एक दाखवलं.

"शाब्बास," मागून आवाज आला.

मी शाब्बासकडे वळलो. त्याने काही लपवलं नाही. क्रमांक दाबला की काटा सभासदाचा उत्साह वाढवतो, दर आठवड्याला एक किलो. नुसतं वजन ठेवलं तर खरं सांगतो. शिबिरात मी प्रमाणित वजनं ठेवून तपासलं होतं, आणि प्रमाणित वजनं कुठल्याच जिमची सभासद नसतात.

"अहो, वजन उतरलं म्हणून लोक व्यायामाला येतात," तो म्हणाला. "न उतरलं तर उतरवायला कोण येईल?"

मी म्हणालो की हा काटा जप्त करावा लागेल. त्याने माझ्या हातातल्या फॉर्मकडे आणि त्याला टाचलेल्या पावतीकडे बघितलं.

"मग तुमचे पंच्याऐंशी?"

मी तिथल्या बाकावर बसलो. गप्प राहिलो तर आज दुपारी कायम. बोललो तर पावती खोटी, मी शहाण्णव, आणि ढेकूण. मी गप्प राहायचं ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं. फक्त काट्यावरचं दहा किलोचं वजन मला दिसत होतं. ते वजन खात्याच्या तिजोरीत मखमलीवर झोपतं. त्याला उघड्या बोटांनी हात लावत नाहीत. आणि ते माझ्या सीलखाली, माझ्या क्रमांकावर, उणे एक होऊन बसलं होतं. मी प्रामाणिक वगैरे नाही. पण काही गोष्टी बघवत नाहीत.

मी पंचनाम्याचा कागद काढला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या बॅचची माणसं दुपारीच आली. नियमाप्रमाणे प्रत्येकाचं क्रमांकाशिवाय वजन करून नोंद घ्यावी लागली. काकू काट्यावरून उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझे चौदा किलो होते ते. तीन महिन्यांचे," त्या म्हणाल्या. "नवऱ्याशी त्या जोरावर बोलत होते मी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कागदात बघून लिहीत राहिलो. माझे आभार फक्त एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मानले. ते दीड वर्ष नेमाने येत होते आणि त्यांचं वजन चार किलो झालं होतं. पुढच्या महिन्यात आपलं काय होणार या काळजीने त्यांना झोप लागत नव्हती. ब्याऐंशी भरल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

साहेबांनी जप्तीबद्दल माझं अभिनंदन केलं आणि त्याच हाताने पावती फॉर्मवरून काढून टाकली. मी म्हणालो, वजन केलं तेव्हा सील शाबूत होतं. साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. आमच्याकडे नाही म्हणायची ही पद्धत आहे. ताईचाही फोन येऊन गेला. मेहुण्यांनी स्टूल पुसून ठेवलंय, आणि या वेळी त्याचे पाय मजबूत करून घेतलेत.

म्हणून लेखी देतो:

मा. विभागप्रमुख यांच्या सेवेशी. विषय: उतरलेल्या वजनाबाबत. महोदय, खात्याने सील केलेल्या काट्याचं म्हणणं, खटल्याचा निकाल लागेपर्यंत, खरं मानलं जातं. सदर काटा पुरावा म्हणून खात्याच्याच कपाटात असून निकालाला साधारण नऊ वर्षं लागतात. तोपर्यंत अर्जदाराचं वजन पंच्याऐंशी किलो समजण्यात यावं, अर्जदारास त्याच वजनावर कायम करण्यात यावं, आणि रीतसर उतरलेले अकरा किलो अर्जदारास परत करण्यात येऊ नयेत, ही नम्र विनंती.