कुस्करलेला पाव

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये संध्याकाळी कावळ्यांनी आभाळ काळं होतं. पण त्या सकाळी चारुताच्या डेकवर एकही उतरला नाही. समोरच्या फरच्या झाडावर ओळीनं बसून ते पिंडाकडे नुसते बघत राहिले. नागपूरहून व्हिडिओवर विधी सांगणारे गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोलून बघा. तिनं आईची पेटी सांभाळीन म्हटलं, काकांशी अबोला धरणार नाही म्हटलं. कावळे हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तिचा यावर विश्वास नव्हता. तरीही महिनाभर, घराबाहेर पडताना दार ओढून घेण्याआधी ती क्षणभर थांबायची. मागून कुणी चप्पल घालत असावं, तशी.

गुरुवारी दुपारी ती कोपऱ्यावरच्या ट्युनिशियन हॉटेलात गेली. लॉन्ड्री आणि नेल सलूनच्या मधलं, सहा टेबलांचं. तिच्याकडे राहायला आलेले बाबा दर गुरुवारी पायी इथं यायचे आणि दर वेळी तिला बोलवायचे. शेवटच्या गुरुवारी ती हो म्हणाली होती. मग ऑफिसमधून मेसेज केला: मीटिंग आली, तुम्ही जेवून घ्या. बाबा जेवून घरी आले, पडले, आणि उठलेच नाहीत.

तिनं लबलाबी मागितली. मालकानं, साठीच्या मोन्सेफनं, रिकामा वाडगा आणि शिळा पाव पुढे ठेवला. इथली रीत अशी, की पाव ज्याचा त्यानं कुस्करायचा. मग त्यावर लसूण-जिऱ्याचा छोल्यांचा कढत रस्सा पडतो, वर लाल मिरचीची हरिसा. चारुता खाली मान घालून कुस्करू लागली. तुकडे चण्याएवढे, सगळे सारखे. ताकात भाकरी कुस्करायला बाबांनीच शिकवलं होतं.

मोन्सेफ बघत होता. असं कुस्करणारा एकच माणूस इथं येतो, तो म्हणाला. गेले काही आठवडे दिसला नाही.

ती त्यांची मुलगी आहे आणि ते आता येणार नाहीत, हे तिनं एका दमात सांगून टाकलं.

त्यानं हात पुसले आणि समोर बसला. तुझे बाबा आमच्या हरिसाला हसायचे, त्यानं सांगितलं. म्हणायचे, आमच्या सावजीपुढं हे लेकरू आहे. आणि मग तीन ग्लास पाणी प्यायचे. चारुताला हसू आलं.

"त्या दिवशी त्यांनी दोन वाडगे घेतले," मोन्सेफ म्हणाला. "दोन्हींत पाव कुस्करला. मग फोन बघितला. एकच खाल्ला."

"आणि दुसरा?"

"राहू दे म्हणाले. ती येईल, आज नाही तर पुढच्या गुरुवारी."

तो आत गेला आणि फडताळातून कापडी पिशवी घेऊन आला. आमच्याकडे पाव कचऱ्यात टाकत नाहीत, तो म्हणाला. घरोघरी भिंतीला वेगळी पिशवी टांगतात. त्यातून हा एकाच्या नावानं कुस्करलेला. दुसऱ्याला कसा वाढणार?

चारुतानं पिशवीत हात घातला. तुकडे वाळून खडखडीत झाले होते. चण्याएवढे, सगळे सारखे. बाबांच्या बोटांनी केलेलं हे शेवटचं काम. स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतील.

"बांधून देऊ?" त्यानं विचारलं.

बाहेर पार्किंगमध्ये बारीक पाऊस पडत होता.

"नको," ती म्हणाली. "वाढा."

त्यानं आणखी एक रिकामा वाडगा आणला. तिनं पिशवी त्यात ओतली. स्वतः कुस्करलेला वाडगा समोरच्या, रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. मोन्सेफनं काही न विचारता दोन्हींत रस्सा घातला. हरिसा मात्र समोरच्या वाडग्यात थोडी जास्त.

पाव हळूहळू मऊ झाला. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मिरचीच्या नावावर घातलं. समोर चमच्याचा हलका आवाज झाल्यासारखा वाटला. तिनं मान वर केली नाही. पिंड ठेवल्यावर माणसं मागे सरतात, येणारा बुजू नये म्हणून. खुर्ची थोडी मागे घेऊन, नजर खाली ठेवून, ती वाडगा संपेपर्यंत खात राहिली.