भुशाखालचा दक्षिण ध्रुव

बोटाला चिकटलेला लाकडाचा भुसा… ओला, पिवळट, वखारीच्या वासाचा. प्रेमलताबाईंनी तो चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला, कारण समोर पाहायची हिंमत होत नव्हती. समोर, शाळेतल्या त्यांच्या चित्रकलेच्या वर्गाच्या कोपऱ्यात, त्यांचा दक्षिण ध्रुव पोत्यांखाली निजवलेला होता.

सकाळी बर्फाच्या आठ लाद्या त्यांनी उभ्या करून घेतल्या होत्या – खिडक्यांना निळा कागद, भिंतींना ताजा चुना, आणि मधोमध त्या आठ, माणसाच्या छातीएवढ्या. लोकांनी चपला बाहेर काढून आत यावं, बर्फ डोळ्यांदेखत वितळावा, त्याचं पाणी त्यांच्या पावलांखालून वाहावं… कारखान्यांच्या धुरानं पृथ्वी तापते आहे, ध्रुवावरचा बर्फ एक दिवस उरणार नाही, हे मासिकात वाचल्यापासून आठ महिने त्या ह्या एका संध्याकाळसाठी भांडल्या होत्या. आणि संस्थेचे सचिव बापूजी काय म्हणाले? "मे महिन्यात लोकायले थंड वाटलं म्हणजे झालं, बाई. सरबत पण ठेवा." सगळी स्टाफरूम हसली होती. कसली माणसं ही – शेहेचाळीस अंशांत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसतात आणि जग तापतंय म्हटलं की ह्यांना हसू येतं… संताप संताप व्हायचा नुसता.

आणि दोन तास घरी काय गेल्या, तर हे. पाचला दार उघडायचं, आणि आठही लाद्या कोपऱ्यात ओढून आडव्या घातलेल्या, एकमेकींना चिकटून एकच ढेकूळ झालेल्या.

"काहून हात लावला तुम्ही?"

बर्फाची हातगाडी ओढणारा बळीराम भिंतीशी उकिडवा बसला होता. गाडीतला भुसा, पोती, सगळं त्यानं इथे रिकामं केलं होतं.

"तुम्ही गेल्या अन् तो पाणी पाणी होऊन राह्यला होता, बाई. बर्फ असा उघडा ठेवतेत का? तीस वर्सं झाले मले ह्या कामात. माह्यानं पाह्यलं नाही गेलं."

"तेच तर पाहायचं होतं लोकांनी."

"कोन पाहीन?" त्यानं विचारलं. खरोखरच विचारलं.

कोण पाहील… मी. मी पाहत होते की. सकाळी घड्याळ घेऊन बसले होते – तासाला किती बोटं उतरतो, सातला किती उरेल, कुठली लादी कोणत्या अंगाला कलंडली तर चांगली दिसेल… आठ महिन्यांत एकदाही जीव कळवळला नाही माझा. राग तेवढा आला, रोज आला, आणि त्या रागालाच मी कळवळा समजत राहिले.

बाहेर चपला काढल्याचे आवाज येऊ लागले. दाराआडून बापूजींनी विचारलं, "बाई, उघडू का?"

बळीराम उठला, पोत्याचं टोक धरून उभा राहिला. "काढू?"

राग तसाच होता, पण तो आता बापूजींवर जाईना, ह्या माणसावरही जाईना. काढा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं – आणि आपलाच तळहात पोत्यावर घट्ट दाबलेला त्यांना दिसला.