दोन सेकंद थांबून

मिनोसावा शहराची लोकसंख्या एकतीस हजार. हा आकडा फक्त झोपेच्या वेळी खरा असतो. सकाळी सहा बाराच्या गाडीपासून पुढच्या दीड तासात शहर टोकियोला निघून जातं आणि मागे उरतात म्हातारी माणसं, भाताची खाचरं, बगळे आणि खांबांवरचे चौऱ्याऐंशी कर्णे. या कर्ण्यांतून जी बोलायची ती सायो कुरामोची. नगरपालिकेच्या आपत्ती विभागात ती चौदा वर्षं होती. भूकंप काही रोज होत नाहीत, त्यामुळे उरलेल्या वेळात ती हरवलेल्या म्हाताऱ्यांचं बघायची.

घोषणेचे नियम ठरलेले होते. नाव सांगायचं नाही. वय, उंची, कपडे सांगायचे. दर दोन-तीन शब्दांनंतर दोन सेकंद थांबायचं, नाहीतर टेकडीवर आपटून परत आलेला मागचा शब्द पुढच्याच्या अंगावर पडतो. माणूस मिळाला की तेही सांगायचं: बेपत्ता व्यक्ती सुखरूप सापडली. गेल्या जूनमध्ये एक आजी कालव्यात सापडल्या, तेव्हाही सायोने हेच वाक्य म्हटलं होतं. फक्त मधला एक शब्द गाळला होता. तेव्हापासून अख्खं शहर त्या एका शब्दासाठी हातातलं काम टाकून कान देई.

त्या गुरुवारी सकाळी नऊला सायोने माइक चालू केला.

"एकोणऐंशी वर्षांचे... गृहस्थ... सकाळपासून बेपत्ता आहेत. उंची... एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. काळा सूट... काळी बॅग."

हे तिचे वडील होते.

तोकुजी कुरामोची सदतीस वर्षं सहा बाराच्या गाडीने टोकियोतल्या झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत जात. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण गेल्या हिवाळ्यात निवृत्ती त्यांच्या डोक्यातून निघून गेली, आणि जाताना आणखी बरंच काही घेऊन गेली. सायोने दाराला घंटी बसवली होती. त्या सकाळी घंटी वाजली. सायो केस वाळवत होती, यंत्राच्या घरघरीत तिला ती ऐकू आली नाही.

"सायोताई, वर्णन जरा..." विभागप्रमुख उबुकाता खाकरले. "काळा सूट, काळी बॅग. यात आपलं निम्मं शहर बसतं."

"ते निम्मं शहर टोकियोला गेलंय, साहेब."

"हो, तेही आहेच."

पण तसं नव्हतं. दुपारपर्यंत लोकांनी काळ्या सुटातले तीन म्हातारे आणून पोचवले. पहिले ठणठणीत शुद्धीवर होते. नोकरी सुटल्याचं बायकोला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून सहा वर्षं रोज वाचनालयात बसत. दुसरे कुणाच्या तरी अंत्यविधीला निघाले होते आणि आता त्यांना उशीर झाला होता. तिसऱ्यांनी आपण हरवल्याचं लगेच कबूल केलं, कारण चहाबरोबर तांदळाच्या कुरकुरीत चकत्या ठेवल्या होत्या. सायोने तिघांनाही वाकून नमस्कार केला आणि तिघांचीही माफी मागितली.

तीन वाजता कालव्याच्या पुलाजवळ राहणाऱ्या ताकेउची आजींचा फोन आला.

"अगं, पुलावर एक सूटवाला वाकून पाण्यात बघतोय. मी हाक मारली तर म्हणतो, 'आजी, तुम्ही आत जा, मी बघतो.' मला आजी म्हणाला मेला, माझ्याच वयाचा असून!"

विभागाची गाडी पोचेपर्यंत पुलावर कुणी नव्हतं. नुकत्याच लावणी झालेल्या खाचरात बुटांचे ठसे उतरलेले होते. बाहेर आलेले ठसे मात्र कुणाला दिसले नाहीत. अग्निशमन दलाचे स्वयंसेवक लांब बांबूंनी कालव्याचा तळ चाचपडू लागले. सायोने ते वाक्य मनात दोन्ही प्रकारे म्हणून पाहिलं. एका शब्दाचाच तर फरक. त्यातलं 'सुखरूप'वालं आधीपासूनच पाठ होतं.

पाच वाजता सगळ्या कर्ण्यांतून संध्याकाळची धून वाजली, आणि ती संपता संपता विभागाचं दार उघडून तोकुजी आत आले. चिखल गुडघ्यापर्यंत. मोज्याला भाताचं रोप चिकटलेलं. कंबरेत वाकून त्यांनी दोन्ही हातांनी जुन्या कंपनीचं कार्ड पुढे केलं.

"नमस्कार. मी कुरामोची, तिसऱ्या आळीत राहतो. सकाळी तुमची घोषणा ऐकली. ऑफिसात कळवलं, आज येत नाही, आणि दिवसभर शोधलं त्या गृहस्थांना. स्टेशन पाहिलं, देऊळ पाहिलं, खाचरातही उतरलो. नाही मिळाले हो." ते पुन्हा वाकले. "माफ करा."

सायोने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. समोरून कार्ड आलं की आपलंही द्यायचं असतं, म्हणून तिने आपलं दिलं.

"कुरामोची? आमचंच आडनाव की!"

"हो का."

"तुमचाच आवाज ना तो? किती छान थांबून बोलता. आमची मुलगी शाळेत आहे. भराभर बोलते. तिला रोज सांगतो, सायो, थांबून बोल गं, कुणी पळवत नाही तुझे शब्द."

उबुकाता साहेबांनी पाठ वळवली आणि भिंतीवरचा भूकंपाचा नकाशा पहिल्यांदाच बारकाईने वाचायला घेतला.

"त्या गृहस्थांचं घरी कोण आहे?" तोकुजींनी आवाज खाली आणला.

"मुलगी आहे."

"अरेरे. जेवली का ती?"

"नाही."

त्यांनी बॅग उघडली. आत टीव्हीचा रिमोट होता आणि सायोनेच सकाळी वळून ठेवलेला भाताचा गोळा. गोळा त्यांनी टेबलावर ठेवला. "हा तिला पोचवा. दिवसभर माझ्या लक्षातच राहिला नाही, नाहीतर मी खाल्ला असता."

सायो काचेच्या खोलीत गेली. माइकचा लाल दिवा लागला.

"सकाळपासून... बेपत्ता असलेले... गृहस्थ..."

पुढचा तो शब्द. चौदा वर्षांत तिने तो शेकडो वेळा म्हटला होता, पण त्याचा नक्की अर्थ काय हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. काचेपलीकडे तोकुजी उभे होते, मान वर करून, छतातल्या कर्ण्याकडे डोळे लावून. बाहेर कुणी ताट हातात धरून, कुणी दोरीवरचा कपडा अर्धा काढून थांबलं असणार. दोन सेकंद गेले. मग पाच. माइकचा आवाज तोडणारं बटण बोटाने दाबून धरलं की शब्दांच्या मधल्या वेळात बोलणारी काय करते, हे एकतीस हजारांतल्या कुणालाच ऐकू येत नाही.

तिने बोट उचललं.

"सुखरूप... सापडले."

तोकुजींचे खांदे खाली आले. ते छताकडे बघून मनापासून वाकले.

"कुठे होते हो?" सायो बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं.

"इथेच. जवळपास."

"चला, सुटलो. निघतो मी, मुलगी वाट बघत असेल."

"मीही तिसऱ्या आळीतच राहते. सोबत जाऊ."

गोळा रुमालात बांधून ती निघाली. वाटेत तोकुजी चार पावलं पुढे चालत होते आणि प्रत्येक नाल्याशी थांबून आत वाकून बघत होते.

"सापडले म्हणून तुम्ही सांगितलंत ते खरंच," ते म्हणाले, "पण ताई, एकदा बघून घेतलेलं बरं."