खांद्यापर्यंतचा हात

"वर नेऊ नको म्हटलं ना तुले! टाके उसवले तं पुन्हा नागपूर करा लागन."

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवून मुंगीसारखी वर चढवत होते. बोटं खांद्याच्या वर सरकली की काखेत अशी कळ उठायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. टाके कधीच निघाले होते, पण ते आनंदाबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, कोण सांगणार? त्यांना मी मामी म्हणते.

"मामी, दवाखान्यातल्या सिस्टरनंच सांगतलं हाय. रोज बोटं भिंतीवर चढवाची."

"सिस्टरले काय जाते सांगाले. भिंत कोणं पोतारली? म्याच ना?"

तेही खरंच होतं. दिवाळीला मामींनी पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीवर माझ्या बोटांचे तेलकट ओरखडे उठले होते. तेल मामीच चोळत, सकाळ-संध्याकाळ, जवसाचं. म्हणजे तेल त्यांचं, भिंत त्यांची, आणि हात तेवढा माझा.

नागपूरच्या दवाखान्यात माझी उजवी छाती काढून टाकली. गाठ होती. आता छातीला छाती म्हणायला आमच्याकडे कोणी धजत नाही, म्हणून मामींनी आमच्या सेलू गावभर सांगितलं, नलूच्या खांद्याले गाठ होती. घरी आणल्यावर त्यांनी माझा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधला आणि मला बाळंतिणीसारखं बाजेवर ठेवलं. पाणी शेंदायचं नाही, भाकर थापायची नाही. वेणीसुद्धा त्याच घालत. फार जीव लावून केलं त्यांनी सगळं. पट्टी सोडली तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना.

आणि मी मुलींच्या शाळेत कवायतीची बाई. हात वर नेणं हीच माझी नोकरी.

आमचे हे म्हणाले, "घरी बस ना आता. काय कमी हाय तुले?" चंद्रभान नाव त्यांचं, माणूस वाईट नाही. शेतातला चांगला कापूस सरकी काढून त्यांनीच आणून दिला होता, मुकाट्यानं, काही न विचारता. त्याची मी छोटी पिशवी शिवली आणि पोलक्यात उजव्या बाजूला बसवली. उभी राहिले की दोन्ही बाजू सारख्या दिसत. पण हात हलला की पिशवी वर सरकायची, पार गळ्याशी यायची. कवायत घेताना एका हातानं पदर सावरायचा आणि तोंडानं एक-दोन-तीन-चार म्हणायचं. डोकं फिरायची पाळी यायची.

घरी बसून काय करू? मैदानावर मुलींसमोर उभी राहिले, तोंडातून "सावधान" निघालं, की मी कोणाची सून नसते, कोणाची बायको नसते. सकाळचा तेवढा तास माझा होता.

शाळेत पुन्हा रुजू झाले तेव्हा मोठ्या बाई, सुलोचनाबाई, चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "नलूबाई, सव्वीस जानेवारीला वर्ध्याहून साहेब येणार आहेत. कवायत नीट झाली तर आनंदच आहे. नाहीतर तुम्ही शिवणाचा वर्ग घ्या. तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनंच सांगते."

शिवण! माझी ती कापसाची पिशवी किती वेळा उसवली ते त्यांना ठाऊक असतं, तर असं बोलल्या नसत्या. "होईल नीट," मी म्हटलं.

नव्या मुलींची तुकडी माझ्या हाती आली होती. कवायत म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहायची. "हात वर!" डावा सुतासारखा सरळ वर जायचा. उजवा खांद्याशी येऊन अडायचा. मी दात-ओठ खाऊन त्याला ढकलायची. नजर सगळी बोटांच्या टोकाकडे. आज जरा वर आला का? काल इथवर होता, आज? मुलींकडे पाहायला मला फुरसतच नव्हती.

घरी भिंतीवर मी चुलीच्या कोळशानं रेघ ओढून ठेवली होती, बोटं जिथवर पोचतात तिथं. रेघेच्या वर जायचं, बस्स, दुसरा विचार नाही. संक्रांतीच्या आधी एका दुपारी शाळेतून आले, तर भिंत पांढरीशुभ्र. मामींच्या हातात पोताऱ्याचं फडकं.

"मामी, मायी रेघ काऊन पुसली?"

"सणावाराच्या घरात कोयशाच्या रेघा ठेवते का कोणी? अवदसा येते."

"मले आता कसं समजन कुठवर आला ते?"

"आला तं आला, नाई आला तं नाई आला. जीव वाचला ना तुया?"

मी पायानं पोताऱ्याची बादली उलटी केली. पांढरी माती अंगणभर झाली. मामींनी बादली सरळ केली. खाली बसून माती गोळा करायला लागल्या. त्यानं मला आणखीच संताप आला.

आणि मग ती रंगीत तालीम. सुलोचनाबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी "हात वर" म्हटलं, नेहमीसारखी उजव्या हाताशी झटायला लागले.

"थांबा," सुलोचनाबाई उठून उभ्या राहिल्या. "नलूबाई, हे काय चाललंय?"

मी मुलींकडे पाहिलं. खरं सांगते, नीट असं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्या रांगांत डावे हात ताठ वर होते. उजवे हात खांद्याशी अडलेले होते, कोपरात जरा वाकलेले. आणि एकजात सगळ्यांनी दात-ओठ खाल्ले होते.

"उजवा हात वर न्या," सुलोचनाबाई ओरडल्या. मुली गोंधळल्या. पहिल्या रांगेतली धुरपता भीतभीत म्हणाली, "बाई, हा प्रकार असाच हाय. डावा पुरा अन् उजवा खांद्यापर्यंत."

"कोणी सांगितलं?"

"बाईच तं असा करतेत रोज." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आखरीले तोंड वाकडं कराचं असते ना, बाई?"

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. मी पदर सावरला. पिशवी गळ्याशी आली होती.

सुलोचनाबाईंनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. आवाज मऊ होता, त्याचाच राग आला. "सव्वीस जानेवारी होऊ द्या. एक तारखेपासून वर्ध्याच्या नवीन बाई कवायत घेतील. तुम्ही शिवण सांभाळा." त्यांचंही चूक म्हणवत नव्हतं. भांडायला समोर कोणीच नव्हतं, आणि मला भांडायचं होतं.

संध्याकाळी मामी माझी वेणी घालायला बसल्या. मी सगळं सांगून टाकलं, मुलींचे हात, वाकडी तोंडं, शिवण. फणी केसांतच थांबली.

"म्याच बांधून ठेवला वं तुया हात," मामी म्हणाल्या. "मले वाटलं, हलला नाई तं लवकर जुळन."

"जाऊ द्या मामी" असं म्हणायला हवं होतं, पण तोंडातून निघेना. त्यांनी वेणी घट्ट घातली आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलींच्या समोर उभी राहिले नाही, मागं गेले. शेवटच्या रांगेच्या मागून हुकूम द्यायला लागले. "माझ्याकडे कोणी पाहायचं नाही. कानानं ऐकायचं. हात वर म्हटलं की दोन्ही हात आभाळाला लावायचे." लागलेली सवय सुटता सुटेना. कोणी मध्येच मान वळवून माझ्याकडे पाही आणि तिचा उजवा हात खाली येई. "पुढं पाह्य!" मी खेकसायची. घसा बसला माझा.

सव्वीस जानेवारीला सकाळी थंडी मजबूत होती. साहेब खुर्चीवर, शेजारी सुलोचनाबाई, कुंपणाशी गावातल्या बाया. त्यांत मामीही होत्या. घरून निघताना त्यांनी माझ्या पोलक्यातली पिशवी चार टाके घालून पक्की केली होती. मी शेवटच्या रांगेच्या मागं उभी राहिले. तिथून मला फक्त पाठी आणि वेण्या दिसत होत्या. साहेबांना मी दिसतच नव्हते.

"सावधान."

पाय जुळले.

"हात वर."

सगळे हात वर गेले, डावे आणि उजवे, एकाच वेळी. एकही अडला नाही. मागं मीही दोन्ही हात उचलले. डावा वर गेला. उजवा आला तिथवर आला, आणि मी त्याला ढकललं नाही. तसाच धरून त्या सगळ्या हातांकडे पाहत राहिले.

मग "खाली" म्हणायला मी जरा उशीर केला.