माझ्या साखळ्यांना काय काय चोपडलं

मित्रांनो, जरा लांब उभे राहूनच ऐका. मी एक जुना ट्रॅक्टर आहे. मला चाकं नाहीत. दोन्ही बाजूंना लोखंडी पाट्यांच्या जाड साखळ्या आहेत, त्यांवर मी चालतो, आणि पुढच्या पात्याने माती ढकलतो. माझ्या अंगाला अजून शिळ्या तळणाचा वास येतो. मला स्वतःचीच शिसारी येते, तर तुमचं काय!

मी पहिल्यापासून असा नव्हतो. माझ्या मालकांनी, आप्पांनी, मला तीस वर्षं चालवलं. आम्ही तळी खणली, टेकाड कापून शाळेचं मैदान केलं. त्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आप्पा रोज संध्याकाळी पहारीने साखळ्यांतली माती खरवडून काढत. साखळ्या ते कोरड्याच ठेवत. तेल घालत ते फक्त रोलरना, म्हणजे साखळी ज्यांच्यावरून सरकते त्या आतल्या लहान चाकांना. तेही दाट आणि नवंकोरं. साखळ्या किरकिरत खऱ्या, पण वाळू त्यांतून खाली गळून जाई.

मग आप्पांचे गुडघे गेले आणि त्यांचा जावई माझ्यावर बसला. आधी तो सामानाचा टेम्पो चालवायचा. माणूस वाईट नव्हता. माझी किरकिर ऐकून गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत, म्हणून त्याने एकदा गॅरेजात सासऱ्यांना विचारलं, “मामा, साखळीला कोणतं ऑईल घालू?”

आप्पा खो खो हसले. “साखळीला? जावईबापू, पावडर लावा, वर लिपस्टिकही लावा!”

गॅरेजातले सगळेच हसले. जावयाचे कान लाल झाले. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आप्पांनीही कधी सांगितलं नाही.

तिथून माझे हाल सुरू झाले. आधी त्याने डबाभर जळकं ऑईल साखळ्यांवर ओतलं. दोन दिवस मी अगदी गप्प चाललो. जावई खूश झाला. पण तेलाला वाळू चिकटली, वाळूला माती चिकटली, आणि त्याचा काळा, करकरीत लगदा माझ्या सांध्यांत शिरला. प्रत्येक पावलाला तो पाट्या जोडणाऱ्या माझ्या पिना खात होता. आवाज परत आला तेव्हा त्याने वर पिवळं ग्रीस थापलं. ते संपलं, तेव्हा खानावळीतून उरलेलं तळणाचं तेल आणलं. शी! त्यात करपलेले तुकडे होते. माश्या घोंगावू लागल्या. कुत्री मला चाटून जात. घुशींनी माझ्या पाट्यांमध्ये बिऱ्हाड केलं. मी कामाचं यंत्र, आणि माझा उकिरडा झाला होता. इतकं सगळं साखळ्यांवर ओतलं, पण रोलरना बिचाऱ्यांना थेंबही मिळाला नाही.

एका सकाळी आम्ही तळ्याचा काठ उतरता करत होतो. जावयाची बायको, आप्पांची मुलगी, खाली उभी राहून हाताने खुणा करत होती. तिला सगळे ताई म्हणतात. झिजून झिजून माझी डावी साखळी सैल झाली होती. उतारावर ती रोलरवरून खाडकन निसटली. मी गर्रकन फिरलो आणि थेट ताईच्या अंगावर घसरू लागलो. तिचा पाय चिखलात रुतला होता. जावयाने जिवाच्या आकांताने पातं खाली सोडलं. पातं मातीत घुसलं आणि मी थांबलो. ताईच्या छातीपासून मी हातभर लांब होतो.

काठी टेकत आप्पा आले. त्यांनी साखळीवरचा लगदा बोटांत घेऊन चोळला आणि तोंड कडू केलं. “हे वंगण आहे? याने लोखंड घासून निघतं! एवढी अक्कल नाही?”

“विचारलं होतं, मामा,” जावई म्हणाला. “तुम्ही हसलात.”

आप्पा फणकारून काही बोलणार, एवढ्यात ताई ओरडली, “बाबा, पुरे! मी मेले असते. तुमचं हसणं आणि यांचा रुसवा, दोन्ही माझ्या अंगावर आलं असतं!”

आप्पा कण्हत खाली बसले आणि म्हणाले, “पहार आणा, जावईबापू. दाखवतो.”

तीन दिवस दोघे मला खरवडत होते. घाण इतकी निघाली की ताईने नाकाला पदर लावून ती घमेल्यांनी उचलली. दोन रोलर अडकून एका बाजूने सपाट झाले होते, ते बदलावे लागले. मिस्त्रीने पिना अर्ध्या फिरवून न झिजलेली बाजू वर घेतली. आता जावई रोलरना तेल घालतो आणि साखळ्या कोरड्या ठेवतो. मी मोठ्याने किरकिरतो. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर तो त्याला कारण समजावून सांगतो.

मित्रांनो, यंत्राला तेल घालण्याआधी ते कुठे घालायचं हे कुणाला तरी विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर कृपा करून हसू नका, नीट सांगा. माझी झीज काही भरून निघायची नाही. आणि ताई, जी पूर्वी माझ्या पात्याला टेकून डबा खायची, ती आता कधीच माझ्यासमोर उभी राहत नाही.