चार मीटरची पेशी

बाळांनो, एक झाड डोळ्यांसमोर आणा. पान नाही, फूल नाही, नुसत्या फांद्या. फांदीला फांदी, तिला आणखी फांद्या, इतक्या की मोजता मोजता डोळा लागावा. आता हे झाड लहान करत न्या. हाताएवढं, नखाएवढं, मग इतकं लहान की त्याचा बुंधा धुळीच्या कणाएवढा उरेल. जमलं? अशी झाडं शोधण्यात एका डॉक्टरीणबाईंची तीस वर्षं गेली. चला त्यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी. तिथे एक आजोबा अडकलेत.

या आजोबांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, टाके वाकडे पडू लागले आणि ते बाईंच्या दवाखान्यात आले. आजाराचं नाव पार्किन्सन्स. आज तपासणी झाल्यावर ते म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या गोळ्या खातोय. वर बसून तुम्ही करता तरी काय, ते एकदा दाखवा की." मग बाई त्यांना आणि त्यांच्या नातीला वरच्या मजल्यावर घेऊन आल्या. नात चौथीतली. बोलायला तिखट, म्हणून घरात तिला लवंगीच म्हणत.

मास्तर जिना झपाझप चढले. काळ्या-पांढऱ्या चौकोनी फरशांच्या व्हरांड्यातूनही नीट चालत आले. पण प्रयोगशाळेच्या दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. टाचा उचलल्या जात होत्या, गुडघे थरथरत होते, पाऊल मात्र पुढे पडेना.

"झालं सुरू," लवंगी म्हणाली. "आत्ता तर जिना चढलात. दार आलं की बरे पाय चिकटतात. नाटकं करता तुम्ही, आजोबा."

एरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला उत्तर तयार असणारे मास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले. कंपानं त्यांची मान कधी खाली गेली नव्हती, ती या एका वाक्यानं गेली, हे बाईंना दिसलं.

"मास्तर, घाई नाही," त्या म्हणाल्या. "लवंगी, तू आत ये बघू."

समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद लावला होता. त्यावर बारीक काळ्या रेघांचं जाळंच जाळं.

"कसलं झाड आहे हे?"

"झाड नाही. उंदराच्या मेंदूतली पेशी. एकच."

"ही सगळी एक?"

"एक. तिला रंग द्यायचा, मेंदूचे केसाहून बारीक काप करायचे, शेकडो. एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून रेघ काढायची आणि पुढच्या कापातल्या रेघेला जोडायची. एका पेशीला वर्ष जातं, कधी दोन."

"अशा किती काढल्या?"

"तीस वर्षांत अकरा."

"फक्त अकरा?"

"हो ना. तेवढ्या वर्षांत मास्तरांनी हजारो सदरे शिवले असतील."

"काजं-बटणं वेगळी," दारातून आवाज आला.

बाईंनी जाळ्याच्या मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "पेशी म्हणजे एवढीच. बाकी सगळा तिचा धागा. माणसाच्या मेंदूत हा धागा टोकाला टोक जोडला तर चार मीटरहून लांब भरेल, असा अंदाज आहे. त्यावरून ती लाखो ठिकाणी हालचालीसाठी लागणारे निरोप पोचवते. तू झोपलीस तरी तिला सुट्टी नाही."

"एवढ्याशा ठिपक्यातून चार मीटर?" मास्तर म्हणाले. "रीळ कुठे ठेवते ती?"

बाई हसल्या, मग त्यांचा आवाज खाली आला. इतक्या वर्षांनीही या कागदासमोर उभं राहिलं की त्यांना आवाज चढवावासा वाटत नसे. "पार्किन्सन्समध्ये शेजारच्या कितीतरी पेशी धडधाकट राहतात. मग नेमक्या ह्याच का मरतात, हे शोधायला मी इथे आले. कदाचित एवढा पसारा सांभाळून त्या थकतात. तसे पुरावे आहेत. खात्री अजून नाही."

"आजोबांच्या किती मेल्या?"

"निम्म्याहून जास्त."

लवंगीनं त्या ठिपक्यावर आपलंही बोट ठेवून पाहिलं. "म्हणजे पाय खरंच चिकटतात?"

"खरंच."

"मग जिन्यावर कसे चालतात?"

उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "तू सांग. जिन्यावर असं काय आहे, जे इथे नाही?"

लवंगीनं मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं. मग पायाखाली. प्रयोगशाळेची जमीन सपाट, करडी, एकसारखी.

"रेघा," ती हळूच म्हणाली. "पायऱ्यांना कडा आहेत. फरशांना रेघा आहेत. इथे काहीच नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला. हे त्यांनी शेकडो रुग्णांमध्ये पाहिलं होतं, तरी आला. "सवयीची वाट बंद पडली की मेंदू डोळ्यांची वाट धरतो," त्या म्हणाल्या. "ओलांडायला रेघ दिसली की पाऊल उचललं जातं."

लवंगी दाराशी गेली आणि मास्तरांच्या खिशात हात घातला. कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू तिथे कायम असायचा. तो घेऊन ती जमिनीवर बसली.

"मास्तर, पाऊल केवढं?" तिनं गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं विचारलं.

मास्तरांनी नजरेनं अंदाज घेतला. "तुझ्या तीन विती धर."

तिनं तीन विती मोजून एक आडवी रेघ ओढली. मग दुसरी, तिसरी, थेट भिंतीपर्यंत. मास्तरांनी पहिली रेघ ओलांडली. दुसरी ओलांडली. चालत चालत ते त्या कागदाखाली येऊन उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले.

लवंगीनं हातावरची निळी पूड फ्रॉकला पुसली. खडू मात्र आजोबांच्या खिशात परत ठेवला नाही, आपल्या खिशात टाकला. घरी अजून पाच दारं होती.