केस कापायला गेलेली

“हलू नका हो आजी, कात्री लागेल!”

म्हातारी ऐकेल तर शपथ. केसांच्या जटा झाल्या होत्या. त्यातली एक त्या पार्लरवाल्या मुलीने उचलून कापली आणि खालची जखम उघडी पडली. जखमेत अळ्या वळवळत होत्या. कात्री तिथेच टाकून ती मोरीकडे धावली, पोटात होतं नव्हतं ते ओकली आणि कोणालाही न सांगता घरी निघून आली.

पार्लरमध्ये केस कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. निराधारांच्या आश्रमात सिस्टरना केस कापायला कोणीतरी हवंय, असं फादर चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर म्हणाले, तेव्हा आईनेच तिला कोपराने ढोसलं होतं. “जा की. तेवढंच पुण्य.”

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. कोणाच्याही केसांत कंगवा घातला की तीच जखम दिसायची. क्रुसासमोर गुडघे टेकून ती गयावया करायची. “प्रभू, मला सोड. तिकडे बोलावू नकोस. माझ्या आईला माझ्याशिवाय कोणी नाही. दुसरं कुणीतरी बघ ना.” समोर नुसतं लाकूड.

शेवटी एका दुपारी हातातलं काम टाकून ती आश्रमात परत गेली. म्हातारीच्या डोक्याला स्वच्छ पट्टी होती, पण अंग तापाने भाजत होतं.

“पळालीस ना गं?” म्हातारीने विचारलं.

“हो.”

“सगळीच पळतात. माझी तर पोटची पळाली.” म्हातारीने तिचं मनगट धरलं. “तू परत आलीस. बस.”

ती बसली. पार्लरमधून फोन येत राहिले. ऊन खिडकीतून उतरून गेलं तरी म्हातारीने मनगट सोडलं नाही. म्हातारीचा जीव गेला, तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग तिनेच म्हातारीला पुसून काढलं, विरळ उरलेले केस विंचरले. आणि विंचरता विंचरता तिला कळून चुकलं, की आता आपल्याला दुसरीकडे कुठेही जाता येणार नाही. आनंद वगैरे काही झाला नाही. धडकीच भरली.

“पुण्य करायला पाठवलं होतं तुला, सिस्टर होऊन राहायला नाही!” आई किंचाळली. “तुझा बाप गेला, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून उभी राहिले मी. आता काय भिंतीकडे बघू?”

आईचं म्हणणं खोटं नव्हतंच.

आश्रमाच्या थोरल्या सिस्टरनी तर स्पष्टच विचारलं, “देव बोलावतोय, की घरातून सुटायला बघतेयस?”

“सुटता आलं असतं, तर मी इथे आलेच नसते, सिस्टर.”

थोरल्या सिस्टरनी तिला घरी परत धाडलं. वर्षभर विचार कर, म्हणाल्या. ते वर्ष आई तिच्याशी बोलली नाही. ताट वाढून झाकून ठेवायची आणि आतल्या खोलीत जायची. विधवा मावशी आईच्या सोबतीला कायमची राहायला आली, तेव्हा कुठे तिने पिशवी भरली. निघताना ती पाया पडायला वाकली. आईने पाय मागे घेतले.

आश्रमात तिला पांढरा पोशाख मिळाला. त्यानंतर बरेच महिने गेले. एका सकाळी आश्रमाच्या दवाखान्याबाहेर औषधासाठी आलेल्या माणसांच्या बाकावर, अगदी कडेला, आई बसलेली दिसली. किती वाळली होती!

“आई! कधी आलीस?”

आई समोरच बघत राहिली. “सिस्टर, जरा पाणी देता का?”

आत जाऊन तिने पेला भरून आणला. आई सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

“बरं वाटलं, सिस्टर,” ती म्हणाली आणि पदर सावरत फाटकाबाहेर चालू लागली.

वळणावर ती दिसेनाशी झाली. हिने पेला विसळून पालथा घातला आणि बाकावरच्या पुढच्या माणसासमोर वाकून विचारलं, “तुम्हाला काय होतंय, बाबा?”